साडूची सायकल

सासुरवाडीत त्याला सगळे पैलवान म्हणत. हे नाव थोरल्या साडूने ठेवलं, लग्नाच्या दिवशीच, त्याचं पोट बघून. सासऱ्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी जेवताना दोनदा म्हणून बघितलं, आणि तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच. आता त्याचं खरं नाव सासूबाईंना तरी आठवत असेल की नाही, शंकाच आहे. तेव्हा आपणही पैलवानच म्हणू. नाहीतरी त्याला सवय आहे.

थोरला साडू म्हणजे कॅप्टन. हे नाव मात्र त्याने स्वतःचं स्वतःच ठेवलं होतं. औषधांच्या कंपनीत मोठा हुद्दा, अंगाने काटक, बोलण्यात पटाईत, आणि रविवारच्या सायकल ग्रुपचा सर्वेसर्वा. दोन्ही जावई टेबलावर बसले की सासूबाई नकळत थोरल्याला आधी वाढायच्या. नकळत कसलं, चांगलं कळूनसवरून.

पैलवान पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात होता. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि प्रत्येक शिवीला "आपली गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व" म्हणायचं, ही त्याची नोकरी. माणूस दिवसभर क्षमस्व म्हणत राहिला की घरीही त्याची जीभ तिकडेच वळते. बायकोच्या हातून कप फुटला तरी सॉरी हाच म्हणायचा. तिला त्याचा राग यायचा, आणि राग आला की ती आणखी एखादं भांडं आपटायची.

अशा माणसाला सायकलचं खूळ कुठून लागलं? डॉक्टरने वजन उतरवायला सांगितलंय, असं तो ऑफिसात सांगे. ते साफ खोटं. खरं कारण होतं पाण्याची बाटली.

रविवारी सकाळी त्याची बायको थोरल्या बहिणीबरोबर ग्रुपच्या मागून गाडीतून जायची. केळी, पाणी, पंक्चरचं सामान, सगळं त्या गाडीत. टेकडीच्या माथ्याजवळ दोघी उतरायच्या आणि चढ चढून येणाऱ्यांच्या हातात बाटल्या द्यायच्या. एकदा पैलवान सहज म्हणून गेला होता, मागच्या सीटवर केळ्यांच्या शेजारी बसून. तेव्हा त्याने पाहिलं. कॅप्टन चढ चढत आला, थांबला नाही, नुसता हात बाजूला काढला. आणि त्याची बायको, जी घरात दाराची बेल वाजली तरी उठायचा कंटाळा करायची, ती बाटली घेऊन कॅप्टनच्या बाजूने धावली. चप्पल निसटली तरी धावली. परत आली तेव्हा धापा टाकत हसत होती. असं हसताना पैलवानाने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. संशयबिंशय त्याच्या मनाला शिवलाही नाही, तेवढा तो चलाख नव्हता. त्याला फक्त एवढंच वाटलं की एकदा, एकदा तरी तिने आपल्यासाठी असं धावावं.

मग तो जुनी रोड बाइक, म्हणजे शर्यतीची हलकी सायकल, शोधायला लागला. जाहिराती वाचून वाचून त्याला शब्द पाठ झाले, अर्थ नाही. एका घरी बघायला गेला तर मालकाला विचारतो, "हिचा स्टँड कुठेय?" रोड बाइकला स्टँड नसतो, घंटी नसते, मडगार्ड नसतं, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. मालकाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि "ही तुम्हाला पेलायची नाही" म्हणून वाटेला लावलं.

ऑफिसच्या खालीच सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या मिस्त्रीला त्याची कीव आली. "साहेब, कार्बनची जुनी घ्यायची तर एकटे जाऊ नका," तो म्हणाला. "लोखंड वाकलं तर दिसतं. कार्बन आतून टिचतं आणि वरून चकाचक दिसतं. मला न्या, मी बघून सांगतो."

एवढ्यात कॅप्टनने नवी सायकल घेतली आणि जुनी विकायला काढली.

"बाहेर कशाला देऊ? घरातली वस्तू घरात राहू दे," सासऱ्यांच्या टेबलावर तो म्हणाला. "आपल्या पैलवानाला देतो. माझ्याकडे एकदाही पडलेली नाही. साधा ओरखडा नाही."

"पण माप?" पैलवानाने चाचरत विचारलं. कॅप्टन त्याच्यापेक्षा वीतभर उंच होता.

"मापाचं काय घेऊन बसलास? सीट खाली घ्यायची. मोठ्या भावाचे शर्ट घातले नाहीस का कधी?"

सगळे हसले. बायकोही हसली.

घरी आल्यावर पैलवान म्हणाला, "उद्या मिस्त्रीला घेऊन जातो. एकदा नजर टाकेल तो."

बायको आरशासमोर केस विंचरत होती. तिचा हात थांबला. "मिस्त्रीला? भावजींच्या घरी? अहो, त्यांचा अपमान करायचाय का तुम्हाला? आपल्या माणसाकडून वस्तू घेताना कोणी असा पंच घेऊन जातं का?"

"तसं नाही गं, पण..."

"ताईला काय वाटेल? बाबांना काय वाटेल? भावजींची आहे म्हणजे चांगलीच असणार. घेऊन टाका, उगाच शोभा करू नका."

तिचंही चूक नव्हतं म्हणा. परक्याकडे जाताना माणूस डोळ्यांत तेल घालून जातो, साडूकडे फळांची पिशवी घेऊन जातो. पैलवान पिशवी घेऊन गेला. त्याने टायर अंगठ्याने दाबून बघितले, कारण दुसरं काय बघायचं ते ठाऊक नव्हतं. मग ती कार्बनची सायकल एका हाताने उचलली आणि तिच्या हलकेपणावरच भाळला. पुढे हँडलच्या खाली, जिथे दांड्या एकत्र येतात तिथे, कुठल्याशा जुन्या शर्यतीचा गोल स्टिकर होता.

"तो काढू नकोस हं," कॅप्टन म्हणाला. "लकी आहे तो."

ग्रुपची एक रीत होती, कॅप्टननेच पाडलेली. नवा माणूस आला की पहिल्या रविवारी टेकडीच्या चढावर सगळ्यांनी त्याच्या मागे राहायचं. तो कितीही हळू गेला तरी कोणी पुढे काढायची नाही. ह्याला ते वरात म्हणत. ऐकायला मोठं मानाचं वाटतं. प्रत्यक्षात पुढे एक घामाघूम माणूस, ज्याचे हात हँडलपर्यंत जेमतेम पोचतायत आणि ज्याचं ढुंगण सीटवर डावी-उजवीकडे घसरतंय, आणि मागे अख्खा ग्रुप तोंडाने बँड वाजवतोय. "नवरदेव दमले का?" "घोडं बदला रे घोडं!" कॅप्टनचा आवाज सगळ्यांत वर. पैलवानाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण तो थांबला नाही. कारण माथ्यावर त्याची बायको बाटली घेऊन उभी होती.

तो जवळ आला. कॅप्टन काढतो तसा त्याने एक हात बाजूला काढला. झालं. तोल गेला. रोड बाइकचे बूट पेडलमध्ये अडकवलेले असतात, पाय सोडवायचा तर टाच बाहेर वळवावी लागते. हे त्याला माहीत होतं, त्याच्या टाचेला नव्हतं. तो सायकलसकट बायकोच्या पायाशी आडवा झाला. तिने तोंडावर हात धरला, पण हसू काही आवरलं नाही. तेवढ्यात मागून कॅप्टन आला, हात काढून. ती पैलवानाच्या चाकावरून पाय टाकून पुढे झाली आणि बाटली कॅप्टनच्या हातात दिली.

"सॉरी," पैलवान जमिनीवरून म्हणाला.

तरीही तो दर रविवारी जात राहिला. हे त्याचं धैर्य म्हणावं की कोडगेपणा, तुम्हीच ठरवा. मनगटं सुजली, मान धरली. चढावर शेवटचा, उतारावर तर त्याहून शेवटचा, कारण उतारावर तो दोन्ही ब्रेक दाबून यायचा. पायथ्याशी सगळे त्याची वाट बघत उभे असायचे आणि कॅप्टन घड्याळ नाकाशी नेऊन बघायचा.

शेवटी मान अगदीच वळेना, तेव्हा तो सायकल घेऊन मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने त्याला सीटवर बसवलं आणि डोक्याला हात लावला. "दोन मापं मोठी आहे. कोणी घ्यायला लावली?"

"साडूची आहे."

मिस्त्री फडकं घेऊन दांड्या पुसायला लागला. पुसता पुसता त्याचा अंगठा त्या लकी स्टिकरवरून गेला आणि परत आला. त्याने नखाने स्टिकरची कड उचलली. खाली केसाएवढी बारीक रेघ होती, दांडीला अर्धा वळसा घालून गेलेली. त्याने खिशातून नाणं काढलं आणि दांडीवर वाजवत आला. टक, टक, टक. रेघेपाशी आवाज एकदम मेला.

"टिचलीये," तो म्हणाला. "सपाटीवर चालेल. उतारावर वेगात सोडली आणि खड्डा लागला तर पुढचं चाक एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. तुम्ही आपटलीत का कुठे?"

"पडलोय. पण एका जागी उभ्या उभ्या."

"तेवढ्याने नाही होत हे. आणि स्टिकरच्या कडेला मळ बघा किती जुना आहे. चीर आधीची, स्टिकर नंतरचा. झाकायलाच लावलाय." मग तो म्हणाला, "मला न्यायला हवं होतंत."

पैलवान त्या रेघेकडे बघत राहिला. त्याला घाम फुटायला हवा होता. ही सायकल घेऊन तो इतके रविवार त्या टेकडीवर गेला होता. पण खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला, उकळ्या फुटाव्यात असा आनंद. आजवर कॅप्टनचं काही म्हणजे काही त्याच्या हाताला लागलं नव्हतं, आणि आज हे आयतं घबाड. सख्ख्या साडूला मरणाच्या दारात पाठवलं ह्या माणसाने. आता कळू दे बायकोला, कोणासाठी धावते ती.

"स्टिकर परत लावा," तो म्हणाला. मिस्त्रीने साफ नकार दिला. तेव्हा पैलवानाने तो खिशात घातला आणि ऑफिसातल्या गोंदाने स्वतःच चिकटवला.

बायकोला त्याने चकार शब्द सांगितला नाही. नुसतं सांगून काय झालं असतं? कॅप्टन दोन विनोद करून मोकळा झाला असता आणि पैलवानच संशयी ठरला असता. त्याला ऑफिसातला एक प्रसंग आठवला. एकदा एक बाई गढूळ पाणी ग्लासात भरून थेट मोठ्या साहेबांच्या टेबलाशी आली होती. साहेब म्हणाले, पाणी पिण्यायोग्यच आहे. बाईने वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "मग घ्या ना घोटभर." साहेबांचा चेहरा तेव्हा कसा उतरला होता, ते पैलवान विसरला नव्हता. वर्षानुवर्षं क्षमस्व म्हणण्यातून तो एवढीच एक गोष्ट शिकला होता.

पुढच्या रविवारी माथ्यावर सगळे जमले. पाणी पिऊन झालं, फोटो झाले. खाली उताराचा रस्ता वळणं घेत गेलेला, मध्ये मध्ये उखडलेला. पैलवान सायकलशी वाकून काहीतरी करत होता. उठला तेव्हा त्याच्या हातात पाना होता.

"कॅप्टन," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "मला उतार काही जमत नाही. ब्रेक सोडायची भीती वाटते. आज तुम्ही एकदा उतरून दाखवा ना. हिच्यावरूनच. सीट आत्ताच तुमच्या खुणेवर चढवलीये."

"माझ्या नवीवरून दाखवतो की," कॅप्टन म्हणाला.

"नवीचं काय सांगता, ती उतरेलच. मला ही शिकायचीये."

"दाखवा हो कॅप्टन!" मागून एक ओरडला. "नवी आली आणि जुनीला विसरलात होय!" दुसऱ्याने टाळी दिली. कॅप्टन म्हणाला, गुडघा दुखतोय. मग म्हणाला, टायरमध्ये हवा कमी दिसतेय. पंपवाला लगेच पंप घेऊन आला आणि हवा भरूनही मोकळा झाला.

"एकदाही पडलेली नाही म्हणाला होतात," पैलवान म्हणाला. "मग भीती कसली?"

कॅप्टनने त्याच्याकडे बघितलं. मग स्टिकरकडे. स्टिकर किंचित वाकडा लागला होता. त्याला कळलं, आणि त्याला कळलेलं पैलवानाला कळलं. आता बोल, पैलवान मनात म्हणाला, सगळ्यांसमोर तोंडाने बोल. नाहीतर घे घोटभर. तो खरंच निघाला तर काय, ह्याचाही विचार पैलवानाने करून ठेवला होता. गेला तर गेला. ह्या विचाराने आपल्या अंगावर साधा काटाही येत नाही, ह्याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं होतं.

कॅप्टनला जिवापेक्षा तोरा मोठा. एवढ्या लोकांसमोर माघार तो कसली घेणार? "बघ मग, पैलवान," असं म्हणून त्याने टांग टाकली. एक बूट पेडलमध्ये खट्कन बसला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

गाडीपाशी कोणीतरी धावलं. पैलवानाची बायको. हातातली केळी तिथेच टाकून ती धावत आली, चप्पल निसटली तरी आली, आणि तिने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं.

"नको! भावजी, नको! चिरलेली आहे ती! तुम्हीच म्हणाला होतात ना, उतारावर मोडेल म्हणून!"

शिट्ट्या थांबल्या. पंपवाला पंप हातात धरून तसाच उभा राहिला. बायको रडत होती, हँडल सोडत नव्हती.

पहिली बोलली ती थोरली बहीण, कॅप्टनची बायको. गाडीच्या दारात उभी राहून तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुला केव्हा सांगितलं ह्यांनी?"

"विकायच्या... आधी," धाकटी म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

"मला नाही सांगितलं," थोरली म्हणाली. ती गाडीत जाऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं.

पैलवान जिंकला होता. ग्लास पुढे केला होता, साहेबाचं तोंड उतरलं होतं, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि त्याला आठवत होता तो केस विंचरता विंचरता थांबलेला हात. आपल्या माणसाकडून वस्तू घेताना कोणी असा पंच घेऊन जातं का? तेव्हाच तिला माहीत होतं. पाना त्याच्या हातातून खाली पडला, आणि तो उचलायचंही त्याला सुचेना.

कॅप्टनने बूट सोडवला, सायकलवरून उतरला आणि बघता बघता सावरला. असली माणसं सावरतातच. "अरे, केवढीशी ती चीर!" तो हसून म्हणाला. "माझ्यासारख्याने सोडली तर धोका. आपल्या पैलवानाच्या वेगाला काय होतंय?"

एक जण खुदकन हसला. मग दुसरा. मग सगळेच हसले, कारण गप्प राहण्यापेक्षा ते सोपं होतं.

बायकोने पदराने डोळे पुसले. "तेच म्हणाले होते भावजी," ती नवऱ्याला म्हणाली, एखादा गैरसमज दूर करावा तशी. "तुमच्या वेगाला काही होत नाही म्हणाले, म्हणून मी बोलले नाही. खरंच हो." आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं, हेच त्यातलं वाईट.

गाडीच्या टपावर सायकल अडकवायचा स्टँड होता, रिकामा. तिकडे कोणी बघितलं नाही. पैलवानाने पाना उचलला आणि सीट खाली घेतली, सावकाश, जरुरीपेक्षा जास्त वेळ लावून. तो सायकलवर बसला. एक पाय अडकवला, दुसरा जमिनीवर ठेवला, आणि थांबला. पुढे उतार होता. मागे ती होती. एक हाक, एक "नको", त्याला तेवढंच हवं होतं. तिने हँडल धरलं नसतं तरी चाललं असतं.

तिची पावलं जवळ आली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती. ह्या वेळी धावायची गरज नव्हती, तो उभाच होता. तिने बाटली त्याच्या हातात दिली.

"सावकाश जा हं," ती म्हणाली.

"सॉरी," तो म्हणाला. कशाबद्दल ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याने बाटली अडकवली, दुसरा पाय उचलला आणि दोन्ही ब्रेक दाबून उताराला लागला. पहिल्याच वळणावर कॅप्टन नव्या सायकलवरून त्याच्या शेजारून सूं करत गेला. मग बाकीचे गेले, मग गाडी गेली, आणि जाताना आतून त्याच्यासाठी कोणी हॉर्नही वाजवला नाही. रस्त्यात खड्डे होते. पहिले एक-दोन त्याने चुकवले, पुढचे चुकवले नाहीत, सरळ त्यांच्यावर नेली. काही झालं नाही. त्या वेगाला काय होणार?